एफएमजीई : स्कोअर १३५ च्या आसपासच अडकलाय, आता नेमकं काय बदलायचं?

कऱ्हाकाठ

नमस्कार मंडळी. धाकट्या भावासाठी विचारते आहे. किर्गिझस्तानातून शिकून आला, प्रवेश २०१७ चा. एफएमजीईचे (परदेशातून वैद्यकीय पदवी घेतलेल्यांची भारतातली परवाना परीक्षा) शेवटचे तीन स्कोअर १३१, १३८, १३६. पास व्हायला १५० लागतात. दर वेळी नवीन अ‍ॅप घेतो, पहिल्यापासून सगळे व्हिडिओ बघतो, आणि स्कोअर तिथेच. प्रश्न असे:

स्कोअर हलत नाही म्हणजे नेमकं काय चुकत असतं? किती वेळा बसता येतं, आणि "आता नेक्स्ट (एफएमजीईच्या जागी येऊ घातलेली नवी परीक्षा) येणार, एफएमजीई बंद" हे खरं का? शैक्षणिक कर्जाचे हप्ते सुरू झालेत, त्याचं काय करायचं? गावाकडच्या एका छोट्या रुग्णालयात "नाइट ड्यूटी कर, सही आम्ही करू" अशी ऑफर आहे, घ्यावी का?

आणि घरात त्याच्याशी कसं बोलावं तेही सांगा. निकालापासून जेवायला ताट घेऊन खोलीत जातो.

निशिगंध

ताई, आधी अभ्यासाचं बोलते. बाकीचं इतर जाणकार सांगतीलच.

१३१-१३८ हा स्कोअर "काहीच येत नाही" वाल्याचा नसतो. चार पर्याय आहेत, निगेटिव्ह मार्किंग नाही, म्हणजे डोळे मिटून टिकमार्क केल्या तरी सरासरी ७५ पडतात. १३५ वाल्याने सगळा अभ्यासक्रम एकदा तरी पाहिलेला असतो. त्याला हवेत ३०० पैकी आणखी १५ बरोबर उत्तरं. त्या पंधरासाठी सातशे-आठशे तासांचे व्हिडिओ पुन्हा बघणं हा सगळ्यात महागडा मार्ग आहे आणि रिपीटर मंडळी नेमका तोच धरतात. व्हिडिओ बघताना सगळं ओळखीचं वाटतं, पण ओळखणं वेगळं आणि कोऱ्या डोक्याने आठवणं वेगळं. परीक्षेत दुसरं लागतं.

म्हणून पहिले दोन आठवडे नवीन काहीही वाचायचं नाही. फक्त निदान. स्कोअरकार्डावरच्या एकूण आकड्यावरून गळती कुठे आहे ते कळत नाही, ती आपणच शोधायची. पूर्वी कधीही न सोडवलेल्या तीन पूर्ण ग्रँड टेस्ट घ्या, ३०० प्रश्नांच्या. चुकलेल्या प्रत्येक प्रश्नापुढे एक अक्षर लिहायचं:

न – विषय माहीतच नव्हता
वि – माहीत होतं, विसरलो
दो – दोन पर्यायांत अडकलो, चुकीचा निवडला
वा – प्रश्न नीट वाचला नाही ("यापैकी नाही ते", "सर्वात आधी काय कराल", वय, गरोदरपणाचे आठवडे)
ब – आधी बरोबर होतं, नंतर बदललं

मग मोजा. १३५ च्या आसपासच्यांमध्ये बहुधा "वि" आणि "दो" यांचा ढीग निघतो आणि "न" त्या मानाने थोडा. तसं असेल तर नवीन अ‍ॅप घेऊन एक गुणही वाढणार नाही. "न" चा ढीग मोठा असेल तरच लेक्चरं, आणि तीही फक्त त्याच प्रकरणांची.

आता गुणांची वाटणी. अ‍ॅनाटॉमी, फिजिओलॉजी, बायोकेमिस्ट्री प्रत्येकी १७. पॅथॉलॉजी, मायक्रो, फार्मा प्रत्येकी १३. फॉरेन्सिक १०. मेडिसिन ३३, सर्जरी ३२, ओबीजी (प्रसूती-स्त्रीरोग) ३०, पीएसएम (सामाजिक वैद्यक) ३०. पीडियाट्रिक्स, ऑप्थल (नेत्र), ईएनटी प्रत्येकी १५. सायकियाट्री, स्किन, रेडिओथेरपी, अ‍ॅनेस्थेशिया, ऑर्थो, रेडिओडायग्नोसिस प्रत्येकी ५. रिपीटर लोक मेडिसिन-सर्जरीत महिनोन्‌महिने घालवतात आणि फॉरेन्सिक, ईएनटी, ऑप्थल, पीएसएम शेवटच्या आठवड्यावर ढकलतात. या चौघांचे मिळून ७० होतात! आटोपशीर विषय, प्रश्न ठरलेल्या भागांवरून फिरतात, आणि वीस-पंचवीस दिवसांत पक्के होतात. १५ गुण इथूनच काढायचे.

पुढच्या वेळापत्रकाचा ढोबळ हिशेब: परीक्षा जून-जुलै आणि डिसेंबर-जानेवारी अशी वर्षातून दोनदा. निकालाचे दिवस वजा केले की हातात साधारण १८ ते २० आठवडे उरतात. दोन निदानाचे. दहा आठवड्यांत सगळे विषय, पण उलट्या क्रमाने: आधी त्या विषयाचे ५० प्रश्न सोडवायचे, मग नोट्समधला तेवढाच भाग वाचायचा. पाच आठवडे दुसरी फेरी, फक्त चुकांच्या वहीवरून. शेवटचे दोन आठवडे चित्रं, आकडे, लसीकरण तक्ता, सूत्रं. ग्रँड टेस्ट पहिल्या फेरीत पंधरा दिवसांनी एक, नंतर आठवड्याला एक. टेस्टला पाच तास लागतात, तर तिच्या विश्लेषणाला किमान सात-आठ तास द्यायचे. ते द्यायचे नसतील तर टेस्ट देऊच नये.

सह्यकडा

नियमांचं.

भावाचा प्रवेश १८ नोव्हेंबर २०२१ च्या आधीचा आहे, म्हणून त्याला २००२ चे स्क्रीनिंग टेस्टचे नियम लागू. त्यात बसण्याच्या संख्येवर मर्यादा नाही. त्या तारखेनंतर प्रवेश घेतलेल्यांना २०२१ चे एफएमजीएल (परदेशी पदवीधरांच्या परवान्याचे) नियम लागतात: किमान ५४ महिन्यांचा कोर्स, त्याच परदेशी संस्थेत १२ महिने इंटर्नशिप, मग भारतात १२ महिने, आणि हे सगळं कोर्सला लागल्यापासून १० वर्षांच्या आत. त्या मुलांना "पुढच्या वेळी बघू" परवडत नाही. तुमच्या भावाच्या गळ्याशी ते घड्याळ नाही, एवढं त्याला ठणकावून सांगा.

नेक्स्टची तारीख प्रत्यक्ष अधिसूचित होईपर्यंत एफएमजीईच आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारे स्क्रीनशॉट बघून अभ्यासाची दिशा बदलू नका.

नाइट ड्यूटी: नाही म्हणजे नाही. एफएमजीई पास झाल्यावर राज्य परिषदेची, आपल्याकडे महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची, तात्पुरती नोंदणी होते, मग इंटर्नशिप, मग कायमची नोंदणी. त्याआधी रुग्ण तपासणं, इंजेक्शन लिहिणं, केसपेपरवर ऑर्डर टाकणं हे नोंदणीशिवाय प्रॅक्टिस करण्यात मोडतं. एनएमसी (राष्ट्रीय वैद्यकीय आयोग) कायदा २०१९, कलम ३४: एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. "सही आम्ही करू" म्हणणारा, रात्री तीनला पेशंट दगावला की सही करायला नसतो. नातेवाईक ज्याला बघतात त्याच्यावर तुटून पडतात आणि पोलीसही आधी त्यालाच विचारतात.

दुसरा सापळा "सेटिंग". दोन-चार वेळा नापास झालेल्यांचे फोन नंबर दलालांकडे कसे पोचतात देव जाणे. डिसेंबर २०२२ मध्ये सीबीआयने एफएमजीई पास नसताना नोंदणी मिळवल्याच्या प्रकरणात ७३ परदेशी पदवीधर आणि १४ राज्य परिषदांविरुद्ध गुन्हा नोंदवला होता. नोंदणी झाली म्हणजे प्रकरण मिटलं असं नसतं, वर्षांनंतरही फाइल उघडते.

आणि पदवीवर "एमडी" छापलेलं असलं तरी इथे ती एमबीबीएसच्या जोडीची प्राथमिक पदवी आहे. पाटीवर, लग्नाच्या बायोडेटात "एमडी" लिहू नका. "परदेशातून वैद्यकीय पदवी, भारतातील परवाना परीक्षा बाकी" असं सरळ लिहा. स्थळं दोन कमी येतील, चालतंय.

कऱ्हाकाठ

दोघांचे आभार. नाइट ड्यूटीला आजच नकार कळवते.

निशिगंधताई, एक कोडं आहे. घरी ग्रँड टेस्टमध्ये त्याला १६० ते १७० येतात. परीक्षेत १३६. मग तो म्हणतो "मी परीक्षेतच घाबरतो, अभ्यास तर झालाय". खरंच तसं असतं का?

निशिगंध

असू शकतं, पण आधी त्या १६५ चीच झडती घ्या. घरच्या टेस्टचा स्कोअर फुगायची चार ठरलेली कारणं असतात. एक, टेस्ट मध्ये थांबवून चहा पिणं. दोन, तेच प्रश्न दुसऱ्या अ‍ॅपवर किंवा टेलिग्रामच्या "रिकॉल" (आधीच्या परीक्षार्थींनी आठवून लिहिलेल्या प्रश्नांच्या) फाइलींत आधी दिसलेले असणं. तीन, १५० प्रश्न आज आणि १५० उद्या. चार, विषय वाचून झाल्या झाल्या टेस्ट देणं, म्हणजे ताज्या आठवणीवर.

खरी परीक्षा अशी असते: १५० प्रश्न १५० मिनिटांत, सकाळी ९ ते ११.३०. मग मधली सुट्टी. दुपारी २ ते ४.३० पुन्हा १५०. त्यात आता एनबीईएमएसने (परीक्षा घेणारं मंडळ) भाग पाडून वेळ बांधून दिली आहे, एका भागाची वेळ संपली की तो बंद होतो, मागे जाता येत नाही. "अवघड प्रश्न शेवटी बघू" ही सवय असलेल्यांचे इथे आठ-दहा प्रश्न कोरे राहतात. म्हणून टेस्ट याच घड्याळाने द्यायची, नऊला बसून, मोबाइल दुसऱ्या खोलीत. अशा दोन टेस्टमध्येही १६० आले तर मग घबराटीचं बोलू. माझा अंदाज, १४० च्या आसपास येतील. राग मानू नये त्याने, उलट बरंच आहे: अभ्यासाची पद्धत बदलणं घबराट घालवण्यापेक्षा सोपं आहे.

चुकांची वही कशी असावी ते एका उदाहरणाने सांगते, कारण बहुतेकांची वही म्हणजे उत्तरपत्रिकेची नक्कल असते, स्पष्टीकरणाचा अख्खा परिच्छेद उतरवलेला. समजा एक्लॅम्प्सियात (गरोदरपणातली आकडी) मॅग्नेशियम सल्फेटचा प्रश्न चुकला: "पुढचा डोस देण्याआधी काय तपासाल?" वहीत एवढंच हवं:

प्रिचर्ड (डोसची पद्धत) : ४ ग्रॅम शिरेतून + दोन्ही नितंबांत ५-५ ग्रॅम, एकूण १४. मग दर ४ तासांनी ५ ग्रॅम. डोसआधी तीन गोष्टी: गुडघ्याचा झटका, श्वास, लघवी तासाला ३० मिली. विषबाधेत आधी झटका जातो, मग श्वास. उतारा कॅल्शियम ग्लुकोनेट १ ग्रॅम. मी चुकलो कारण : "आधी श्वास जातो" वाटलं. (दो)

शेवटची ओळ सगळ्यात महत्त्वाची. आपण कोणत्या चुकीच्या कल्पनेने फसलो ते लिहिलं नाही तर तोच प्रश्न शब्द फिरवून आला की पुन्हा तिथेच बोट जातं. नोंद तिसऱ्या दिवशी, दहाव्या दिवशी आणि महिन्याने झाकून म्हणून बघायची. तीनदा बरोबर आली की फुली.

पाणंद

निशिगंध यांचं जवळपास सगळं पटलं. एका बाबतीत वेगळं मत. छोटे विषय घ्याच, पण अ‍ॅनाटॉमी-फिजिओ-बायोकेमिस्ट्रीचे ५१ गुण रिपीटरने सोडून देऊ नयेत, आणि "उलट्या क्रमाने" म्हणताना बरेच जण नेमकं तेच करतात. परदेशात हे विषय पहिल्या-दुसऱ्या वर्षी झालेले, त्याला सहा-सात वर्षं उलटली, म्हणून भीती बसलेली. सगळं नको. अ‍ॅनाटॉमीत नर्व्ह इंजुरी, क्रेनियल नर्व्ह, एम्ब्रियोची उगमस्थानं. फिजिओत हार्टची सायकल, किडनी, फुप्फुसांचे व्हॉल्यूम. बायोकेमिस्ट्रीत एन्झाइम डिफेक्ट आणि व्हिटॅमिन. एवढ्यावर ५१ पैकी २५-२८ निघतात, आणि तेच मेडिसिन-पीडियाट्रिक्सच्या प्रश्नांतही कामाला येतं.

पीएसएमबद्दल आणखी एक. जुन्या नोट्स वापरू नका. राष्ट्रीय कार्यक्रमांचे निकष, क्षयाच्या औषधोपचाराच्या पद्धती, लसींचं वेळापत्रक बदलत असतं. तीन वर्षांपूर्वीची छापील वही बिनचूक पाठ असेल तर उत्तरही तीन वर्षांपूर्वीचं येईल. बायोस्टॅट (संख्याशास्त्र) मात्र कधी जुनं होत नाही: सेन्सिटिव्हिटी, स्पेसिफिसिटी, पीपीव्ही, ऑड्स रेशो. दोन बाय दोनचा चौकोन हाताने काढून रोज एक गणित. दहा दिवसांत दोन-तीन हक्काचे गुण.

गौतम नगरला खोली घ्यावी का, असंही पुढे विचाराल म्हणून: दिल्लीतल्या त्या गल्ल्यांत सगळेच हीच परीक्षा देणारे, त्यामुळे वेळापत्रक आपोआप लागतं. पण खोली, मेस आणि रीडिंग लायब्ररी धरून खर्च मोठा, आणि सारखं "तुझा जीटी (ग्रँड टेस्ट) स्कोअर किती". आधीच खचलेल्या मुलाला ते वातावरण मानवेलच असं नाही. तालुक्याच्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षावाल्यांच्या शेजारी बसूनही हेच होतं. तिथे कोणी एफएमजीईचा स्कोअर विचारत नाही.

दप्तरदार

कर्जाचं थोडक्यात. बँकांच्या मॉडेल शैक्षणिक कर्ज योजनेत कोर्सचा काळ अधिक एक वर्ष हप्त्यांना सवलत असते, ती तुमची संपलेली दिसते. हप्ता ९० दिवस थकला की खातं एनपीए (थकीत कर्ज), आणि सहकर्जदार म्हणून वडिलांचा सिबिलही खाली येतो. म्हणून थकायच्या आधी शाखेत लेखी अर्ज द्या: परवाना परीक्षा बाकी, उत्पन्न नाही, सोबत प्रवेशपत्र आणि स्कोअरकार्ड. बेरोजगारीच्या काळात हप्ते पुढे ढकलायची तरतूद आयबीएच्या (बँकांची संघटना) त्याच योजनेत सुचवलेली आहे. बँक मान्य करेलच असं नाही, पण अर्जाची पोच घेऊन ठेवा. तोंडी "साहेब म्हणाले बघू" याला काडीची किंमत नाही.

नाहीच जमलं तर निदान व्याज भरत राहा. २० लाख शिल्लक आणि १० टक्के दर धरला तर महिन्याला साधारण १६,७०० रुपये. तेवढं भरलं तर मुद्दल फुगत नाही. जो भरतो त्याला जुन्या करप्रणालीत शैक्षणिक कर्जाच्या व्याजाची वजावट आठ वर्षं मिळते, वडील नोकरीत असतील तर सीएला विचारा.

नोकरी करायची तर रुग्णाशी संबंध नसलेली. मेडिकल कोडिंग, फार्माकोव्हिजिलन्स (औषधांच्या दुष्परिणामांवर लक्ष ठेवणं), विमा दाव्यांची छाननी, मेडिकल रायटिंग. पुणे-मुंबईत ही कामं आहेत. मुलाखतीआधीच विचारा, परदेशी पदवी नोंदणीशिवाय चालते का. काही कंपन्या चालवून घेतात, काही नाही. आणि पाळी दिवसाची असावी. रात्रपाळी करून सकाळी नऊला टेस्ट कोणी देत नाही.

शमी

ताई, तुमच्या पोस्टमधलं शेवटचं वाक्य मला सगळ्यात जास्त खटकलं, म्हणून त्यावर लिहिते.

निकालानंतर आठ-दहा दिवस माणूस कोपऱ्यात जाणं स्वाभाविक आहे. दोन आठवड्यांपेक्षा जास्त काळ झोप बिघडलेली, जेवण तुटलेलं, कशातच रस नाही, "माझ्यामुळे घर बुडालं" हेच पालुपद, असं असेल तर तो थकवा नाही, नैराश्य असू शकतं, आणि ते मानसोपचारतज्ज्ञाला दाखवायचं. अभ्यास न होण्याचं कारणही तेच असू शकतं: नैराश्यात एकाग्रता आणि आठवण दोन्ही ढासळतात. उपचाराशिवाय वेळापत्रक कितीही सुंदर केलं तरी भिंतीवर लटकतं.

"मरावंसं वाटतं का?" हे सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उत्तर "हो" किंवा नुसतं गप्प राहणं असेल तर त्याला एकटं सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टर. टेलिमानस १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालतो, मराठीतही बोलतात. तुम्ही स्वतः फोन करून "भावाशी कसं बोलू" विचारलं तरी चालतं.

डॉक्टरकी शिकलेली मुलं एक गोष्ट हमखास करतात: स्वतःच गोळ्या घेणं. परीक्षेच्या आदल्या रात्री अल्प्राझोलाम, सकाळी प्रोप्रॅनोलॉल, अभ्यासाला मोडाफिनिल. पहिलीने दुसऱ्या दिवशी आठवण आणि चपळाई मंदावते. दुसरी दमा असलेल्याला धोक्याची. तिसरीने झोपेची घडी विस्कटते. गोळी लागणारच असेल तर लिहून दिलेली, आणि परीक्षेच्या दिवशी पहिल्यांदा मुळीच नाही.

घरात बोलायचं कसं? "अभ्यास झाला का?" बंद. त्याऐवजी एकाच व्यक्तीने, आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वेळी विचारायचं: "या आठवड्यात किती प्रश्न सोडवले? काही हवंय का?" बाकीचे सहा दिवस परीक्षेचं नाव नाही. आत्या-मामांना निकालाची तारीख सांगू नका, फोन तुम्ही घ्या. निकालाच्या दिवशी तो घरात एकटा नसावा. आणि संध्याकाळचं जेवण ताटासकट बाहेर, सगळ्यांबरोबर. एवढीच अट घाला, बाकी काही नाही.

कऱ्हाकाठ

शमीताई, आज विचारलं. बराच वेळ गप्प बसला, मग "कधी कधी वाटतं" म्हणाला. उद्या सकाळची वेळ घेतली आहे, आज रात्री आई त्याच्या खोलीत झोपते आहे. बाकी सगळं त्यानंतर. पुढच्या फॉर्मची तारीख आली तर या सत्रात भरावा की सोडावा?

शमी

चांगलं केलंत. त्याच्या खोलीतल्या आणि घरातल्या सगळ्या गोळ्या, शेतीची औषधं आजच कुलपात घाला, किल्ली तुमच्याकडे. रात्री जड वाटलं तर सकाळची वाट बघू नका, १४४१६ लावा किंवा जवळच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन जा.

फॉर्मचं उद्या तज्ज्ञांनाच विचारा. बसण्यावर मर्यादा नाही हे सह्यकडांनी सांगितलंच आहे, एक सत्र सोडलं म्हणून काही बुडत नाही.

सह्यकडा

दुजोरा. पुढे जेव्हा भराल तेव्हा दोन गोष्टी बघा: पासपोर्ट, पदवी आणि अर्जातलं नावाचं स्पेलिंग एकच हवं, आणि पदवीवर अपोस्टिल (आंतरराष्ट्रीय प्रमाणीकरण) किंवा तिथल्या भारतीय दूतावासाचा शिक्का हवा. कागदांत त्रुटी निघाली तर ती दिलेल्या मुदतीत भरून द्यावी लागते. आत्ता त्याला यातलं काही दाखवू नका, फाइल तुम्हीच लावून ठेवा.